भिंतीची हजेरी

२ फेब्रुवारी, सोमवार

टेबलावर बोलतो, भिंतीवर मुका!

दिवसभर हाच खेळ. बोर्डाच्या शेजारी सेन्सर ठेवला की छोट्या पडद्यावर निमूटपणे आकडा येतो — ०.०२. तोच मागच्या खोलीच्या भिंतीला लावून वायर दिवाणखान्यातल्या बोर्डापर्यंत आणली की आकडा गायब, तीन आडव्या रेघा. म्हणजे बोर्ड विचारतोय आणि पलीकडून उत्तर नाही.

"काय गं, बोलला का तुझा पोपट?" वन्सं पलंगावरून.

"तुमच्यावर गेलाय. मनात येईल तेव्हाच बोलतो."

"मग गुणी आहे!"

मान आखडली. पण किती वर्षांनी घरात सोल्डरचा वास आला! शिकले त्याच कॉन्व्हेंट शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म काढला मी. त्या वासासरशी सगळं पुढे उभं राहिलं — उंच खिडक्या, लाकडी स्टुलं, सिस्टरांच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावरचा तो एकच शाईचा डाग, ज्याला आम्ही मुली हसायचो.

३ फेब्रुवारी

कशासाठी हा उपद्व्याप, ते एकदा लिहून ठेवते. नुसती कुरकुर लिहिली तर पुढे माझं मलाच कळायचं नाही.

शेजारच्या मोकळ्या जागेत नव्या इमारतीचा खड्डा चाललाय. खोल, आणखी खोल. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून पूर्वी चिंचेचं झाड दिसायचं, आता नुसती पोकळी. दिवाळं निघाल्यासारखी. त्या खोलीच्या भिंतीला चीर गेली आहे, जमिनीपासून वर, बोट शिरणार नाही इतकी. कमिटीनं इंजिनियर आणला. त्यानं भिंतीला डोळा लावून पाहिलं, जिना चढून वरच्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "भिंत किती कलतेय ते रोज बघा. पाव अंशाच्या पुढे गेली तर इमारत रिकामी करा. मला फोन करत बसू नका." म्हणजे ०.२५.

रोज बघणार कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी हात वर केला. वर्गात करायचे तसा!

लेकानं परदेशातून सामान पाठवलं. एक बोटभर सेन्सर, तो भिंतीचा कल मोजतो. एक बोर्ड, तो त्याला विचारतो आणि आकडा दाखवतो. तोच आकडा इंटरनेटवरून लेकालाही दिसतो आणि बोर्डातला प्रोग्राम तो तिथे बसून बदलू शकतो.

आणि इमारत रिकामी झाली तर वन्संना न्यायचं कुठे? हे कुणी विचारत नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावर आहेत. वॉकर धरून न्हाणीपर्यंत, तेवढंच चालणं. लेक परवा फोनवर म्हणाला, "आई, तुला एकटीला झेपणार नाही. आत्यासाठी मी एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय. जागा आहे म्हणतात." फोन स्पीकरवर होता. वन्सं ऐकत होत्या.  उशीचा अभ्रा सरळ करत राहिल्या.

४ फेब्रुवारी

जमलं!

चार तारा आहेत. दोन विजेच्या. उरलेल्या दोघींपैकी एक ठेका धरते, दुसरीवरून बोलणं जातं. बोर्ड सेन्सरचा नंबर पुकारतो, सेन्सर "हजर" म्हणतो, मग आकडा सांगतो. अगदी आमच्या वर्गातली हजेरी! सिस्टर नंबर घ्यायच्या, आपण उभं राहून "प्रेझेंट, सिस्टर." शेवटच्या बाकावरून आवाज पोचला नाही तर गैरहजेरी. इथेही तेच झालं होतं. वायर लांब, आवाज मध्येच विरत होता. लेक फोनवर म्हणाला, "ठेका हळू कर, आई, आणि दोन्ही तारांना रेझिस्टर लाव, म्हणजे त्या ढेपाळणार नाहीत." पहिल्या रेझिस्टरनं काही झालं नाही. त्याहून कमी ओहमचा लावला — लगेच ०.०६!

वन्संना ओरडून सांगितलं.

"म्हणजे हलायला नको ना?"

"कुठे हलायचंय? अजून पुष्कळ बाकी आहे पाव अंशाला."

"तो म्हणत नाही तोवर मी इथून उठायची नाही. तो म्हणाला की उठेन. माणसांचं ऐकायचे दिवस गेले."

५ फेब्रुवारी

वायर भिंतीवर बसवली. सेन्सर कोपऱ्यात चिरेच्या पलीकडे, जमिनीपासून हातभर उंचीवर, कपाटाच्या आडोशाला, वन्संच्या पलंगाशेजारी — कुणाचा धक्का लागायला नको म्हणून. तिथून चिरेवरून सरळ आडवी वायर, दाराच्या चौकटीपर्यंत. टीचटीच अंतरावर खिळा. फूटपट्टी लावल्यासारखी ताठ! सिस्टरांनी पाहिली असती तर पाठ थोपटली असती. "लोंबणारी तार आणि सुटलेली रिबन, दोन्ही आळशी मुलीची खूण," म्हणायच्या. गुडघे मात्र बोलले. उठताना वन्संच्या पलंगाचा आधार घ्यावा लागला.

७ फेब्रुवारी

सकाळी ०.०६. दुपारी ऊन भिंतीवर आलं की ०.०७, कधी ०.०८. संध्याकाळी परत खाली. भिंत श्वास घेते! दिवसभर पडद्यासमोर बसून राहिले. बाळ झोपलेलं बघावं तशी.

१० फेब्रुवारी

पुन्हा रेघा. सकाळी, नंतर दुपारी, नंतर पुन्हा. सेक्रेटरी वर जाता जाता डोकावले आणि जिन्यातच ओरडले, "ताई, रेघा आल्यात! निघायचं का?" वरच्या सूनबाई बाळाला कडेवर घेऊन धावत खाली. तिच्या पायात एकच चप्पल.

"अहो, रेघा म्हणजे फक्त उत्तर आलं नाही. भिंतीला काही झालेलं नाही."

"मग उत्तर का येत नाही?"

 बोर्ड काढला, तारा तपासल्या, डाग पुन्हा दिले. सगळं ठीक. आणि मग पाण्याचा पंप सुरू झाला — रेघा! बंद झाला — आकडा! चौकटीपासून पुढे पंपाची वायर आणि माझी वायर गळ्यात गळे घालून चालल्या होत्या. ती गुरगुरली की हिचं बोलणं कुणाला ऐकू येईना. माझी वायर तिथून उचलून दाराच्या वरून फिरवली. आता पंप खुशाल ओरडू दे.

सूनबाईनं जाताना आकडा बाळाला दाखवला. "हे बघ, आजीचं घड्याळ."

१३ फेब्रुवारी

०.११.

खड्ड्यात आज मोठं यंत्र उतरवलं. त्याचा ठोका जमिनीतून येतो, कानातून नाही. कपातल्या चहावर वर्तुळं उठतात.

पलीकडचा साइट इंजिनियर बघायला आला. पिवळं हेल्मेट घरातही काढलं नाही. तेच नाव पडलं त्याला — हेल्मेट. पडदा बघून हसला. "काकू, तुमच्या वायरिंगचा प्रॉब्लेम असेल. असली खेळणी माझा मुलगा पण करतो."

"मग तुमचा मुलगा हुशार आहे. त्याला पाठवा उद्या," वन्सं आतून. हेडगर्लचा आवाज! जिन्यात धावणाऱ्या मुली त्या आवाजानं जागच्या जागी थिजायच्या. हेल्मेट पण थिजला.

तो गेल्यावर कितीतरी वेळ हसलो दोघी. ह्यांची थोरली बहीण म्हणून नंतर नणंद झाल्या, पण त्याआधी त्या माझ्या शाळेतल्या. दोन वर्ग पुढच्या. डबा खाताना मला शेजारी बसवून घ्यायच्या, नवी आणि रडवी म्हणून. तेव्हा अगं-तुगं होतं. लग्न झालं आणि 'तू'चं 'तुम्ही' झालं, ते तसंच राहिलं. हे गेल्यावर आम्ही दोघीच.

हसून झाल्यावर म्हणाल्या, "खरं सांग. वेळ आली तर पाठवशील ना मला तिकडे?"

"नाही पाठवणार."

"तू नाही म्हणशील. पण तुझे गुडघे काय म्हणतील?"

१५ फेब्रुवारी

०.११ वरून दुपारी ०.१३. संध्याकाळी उतरला, पण ०.१२ पर्यंतच. पहिल्यासारखा पुरता खाली येत नाही. झोप नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी रेघा. स्वयंपाकघरात चहा ठेवला होता तो उतरवून आले, अजून रेघा. पंप बंद होता. ठरवलं, आंघोळ उरकून वायर बघू. बाहेर आले तर आकडा आपला हजर — ०.१२! उगाच जिवाला घोर लावतो मेला.

१८ फेब्रुवारी

०.१२.

१९ फेब्रुवारी

०.१२. दुपारीही तेवढाच. खड्ड्यातलं मोठं यंत्र थांबलंय म्हणे. देव पावला.

२१ फेब्रुवारी

०.१२. सेक्रेटरी रोज सकाळी येऊन बघतात आणि जिन्यातून वर ओरडतात, "ऑल वेल!" माणसाचा चेहराच बदललाय. वरच्या सूनबाईनं माहेरी जायचा बेत रद्द केला. "आजीचं घड्याळ आहे ना," म्हणाली. बाळाचा पाळणा पुन्हा मागच्या खोलीत नेला, तिथे वारा येतो म्हणून. आमच्या बरोबर वर. पाळण्याची करकर आम्हाला ऐकू येते.

वन्सं खुशीत आहेत. आज शाळेतलं प्रार्थनेचं गाणं म्हटलं, सगळी कडवी. मी मध्येच विसरले, त्या नाही विसरल्या.

मागच्या खोलीचं दार मात्र नीट लागत नाही. खालून घासतं. सेक्रेटरी म्हणाले, "लाकूड फुगलं असेल." या हवेत लाकूड कशाला फुगेल? पण आकडा सांगतोय ना — भिंत जागच्या जागी आहे.

२२ फेब्रुवारी

खिडकीची कडी आज लागलीच नाही. दोन्ही हातांनी दाबली तरी. कडी आणि तिचं भोक एकमेकांसमोर नाहीत. झाडताना भिंतीच्या कडेला बारीक पांढरी भुकटी सापडली. रोज सापडते, आजच लक्षात आलं.

आकडा बघितला. ०.१२.

२३ फेब्रुवारी

दुपारी ऊन आलं. भिंत तापली, हात लावून बघितला. आकडा हलला नाही. ०.१२.

संध्याकाळी ऊन गेलं. ०.१२.

भिंतीचा श्वास कुठे गेला? पहिल्या दिवसांत दार आपटलं तरी शेवटचा आकडा थरथरायचा. मी उठून दार आपटलं. वन्सं दचकल्या. "अगं, काय झालं?" पुन्हा आपटलं. ०.१२. भिंतीवर मूठ मारली, दोनदा, तीनदा. दिवाणखान्यात येऊन बघितलं. ०.१२.

जिवंत माणसाची नाडी इतकी सरळ नसते.

लेकाला फोन लावला. "आकडा हलत नाही. तू काही केलंस का?"

 मग म्हणाला, "आई... मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती. उत्तर आलं नाही तर रेघा दाखवायच्या नाहीत, आधीचा आकडा तसाच ठेवायचा. तू घाबरू नयेस म्हणून."

म्हणजे खोटी हजेरी! मुलगी वर्गात नाहीच, आणि दुसरंच कुणीतरी खाली मान घालून "प्रेझेंट" म्हणतंय. रोज!

"किती दिवस?"

"आई, ऐक ना. आत्या —"

"आत्याची काळजी आत्ता सुचली का तुला? वर एक बाळ झोपतंय! काढ ती ओळ. आत्ताच्या आत्ता काढ." आणि फोन ठेवून दिला. जन्मात त्याच्याशी अशी बोलले नव्हते.

थोड्या वेळानं पडद्यावर आकडा विझला. तीन रेघा.

कपाटाच्या आडोशाला गुडघे टेकून वाकले. टॉर्च मारला. सेन्सर भिंतीला घट्ट, जसा चिकटवला तसाच. वायर मात्र त्याच्यापासून सुटलेली. चारही तारा डागापाशी तुटून बाजूला, त्यांच्या आणि सेन्सरच्या मध्ये मोकळी जागा. आणि चिरेत माझं बोट गेलं. अख्खं.

मग कळलं. पंपानं नाही, उंदरानं नाही. भिंतीनंच तोडली! चीर रुंदावत गेली आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना मी खिळ्यांनी वायर जखडून ठेवलेली. जरा ढिली ठेवली असती तर ताणली गेली असती, तुटली नसती. फूटपट्टीसारखी ताठ ठोकली मी. किती अभिमानानं ठोकली! जी बातमी द्यायची, तिनंच निरोप्याचा गळा दाबला.

"सापडलं?" वन्संनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन डाग वाया गेले. शेवटी नवा वायरचा तुकडा घातला, लोंबता, आळशी मुलीच्या रिबनसारखा. बोर्ड चालू केला.

०.३४.

पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. ०.३४. दार आपटलं — ०.३५, ०.३४. आता थरथरत होता. जिवंत होता.

२४ फेब्रुवारी

कालच सगळ्यांना सांगितलं, तेव्हा लिहायला उसंत नव्हती.

सेक्रेटरींचा विश्वास बसेना. "सकाळी ०.१२ आणि आता ०.३४? ताई, असं कसं? तुम्ही काहीतरी जोडताना बिघडवलं असेल."

"मी सेन्सरला हातही लावलेला नाही. फक्त तारा जोडल्या."

"पोरांच्या परीक्षा आहेत हो."

"पोरं असतील तर परीक्षा देतील ना!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत आणलं. चिरेत बोट घालायला लावलं. बोट बाहेर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा त्या भुकटीसारखा झाला होता. मग मात्र जिने चढून स्वतः प्रत्येक दार वाजवलं, ते मान्य केलं पाहिजे.

वन्संनी भिंतीकडे तोंड केलं. "तुम्ही जा. मी राहते."

"आकडा म्हणाला की उठेन म्हणाला होतात."

"तो आधी वेगळं म्हणत होता."

"आधी तो बोलतच नव्हता!"

"मला बरं होतं ते."

"ऊठ," मी म्हणाले. "तू ऊठ आत्ता. नाहीतर मी पण इथेच बसते तुझ्याशेजारी." आणि खरंच बसले. किती वर्षांनी तोंडातून 'तू' गेलं! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वॉकरसाठी हात पुढे केला.

खुर्चीत बसवून दोन शेजाऱ्यांनी उचलून खाली आणलं. दारातून बाहेर पडताना दार अडकलं, खांद्यानं ढकलावं लागलं. वन्संनी मागे वळून पाहिलं नाही.

२६ फेब्रुवारी

शाळेच्या जुन्या बोर्डिंगमध्ये आहोत. आत्ताच्या मदरनी एक खोली उघडून दिली, थोड्या दिवसांसाठी. दोन लोखंडी खाटा, एक उंच खिडकी, घंटेचा तोच आवाज. मुली पटांगणात दोरीवरच्या उड्या मारतात. इथे आम्ही कधी राहिलो नाही, आम्ही दोघी घरून येणाऱ्या, पण राहणाऱ्या मुलींचा हेवा वाटायचा. आता आलो! वन्संना म्हटलं, त्या हसल्या नाहीत.

लेकाचे फोन येतात. घेत नाही. घेतला तर रडेन, नाहीतर ओरडेन.

२८ फेब्रुवारी

इमारत उभीच आहे. दुरून बघून आले. फाटकाला दोरी बांधलीय. खड्ड्यावर काम चालूच! हेल्मेटनं लांबून हात केला.

सेक्रेटरी भेटले. मेव्हण्याकडे राहतायत, सगळे एका खोलीत. म्हणाले, "काही पडलं नाही हो, ताई." तक्रार नव्हती, पण नजर चुकवली. त्यांच्या बायकोनं मात्र ऐकवलंच, "खेळण्यानं घराबाहेर काढलं आम्हाला." वरच्या सूनबाई माहेरी गेल्यात, त्यांचा निरोप — बाळाचा पाळणा राहिला, आणायला जाऊ का दुपारी पटकन? नका जाऊ म्हणून कळवलं. रागावली असेल.

मीच चुकले असेन का? सेन्सर आतून बिघडला असला तर? उन्हानं, धुळीनं? चीर खरी आहे, पण आकडा? ०.३४ दाखवणारा सेन्सर खरा आणि ०.१२ दाखवणारा खोटा, हे मी तरी कशावरून ठरवलं? दारं, कडी, भुकटी — सगळं समोर होतं तेव्हा मी पडद्यावर विश्वास ठेवला. आता पडदाच ओरडतोय तर मला संशय.

१ मार्च

वृद्धाश्रमाच्या बाई आल्या. लेकानं पाठवल्या. गोड बोलणाऱ्या, नेटक्या साडीतल्या. "एकच जागा आहे, तळमजल्यावर. गुरुवारपर्यंत थांबते मी. शुक्रवारी उत्तर घ्यायला येईन."

त्या गेल्यावर वन्संच्या पायांना तेल चोळत म्हटलं, "मी नाही म्हणून सांगणार आहे. दोघींना पुरेल अशी तळमजल्याची खोली शोधते. गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा हात धरून ठेवला, सोडेचनात. "मला माफ कर गं," म्हणाल्या. कशाबद्दल? म्हातारपणाबद्दल का कुणी माफी मागतं! वेडी.

३ मार्च

कोसळली.

अख्खी नाही. मागचा कोपरा. दुपारी, मुली घरी जायच्या वेळेला. इथपर्यंत आवाज आला, मला वाटलं कुणीतरी मोठं कपाट ढकललं. नंतर धूळ दिसली, छपरांच्या वर, आळसावल्यासारखी हळूहळू उठणारी.

धावत गेले. धावले मी, या गुडघ्यांनी! मागच्या खोल्या खालपासून वरपर्यंत उघड्या पडल्या आहेत, बाहुलीच्या घरासारख्या. आमच्या खोलीचा फक्त दाराकडचा भाग उरलाय. वन्संचा पलंग दिसत नाही, तो खाली आहे, खड्ड्यात, विटांखाली. आणि वर, वरच्या मजल्याच्या तुटक्या कडेवर तो पाळणा. एक पाय हवेत. रिकामा. वाऱ्यानं हलत होता.

आत कुणी नव्हतं. कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं.

फाटकाबाहेर उकिडवी बसले. 

४ मार्च

सगळे येऊन गेले. सेक्रेटरी आले आणि माझ्या पाया पडले, मोठा माणूस! त्यांची बायको गळ्यात पडून रडली. खेळण्याबद्दल म्हणाली, "जीभ झडो माझी." वरची सूनबाई माहेराहून थेट इथे. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. तो माझा चष्मा ओढत होता. दुधाचा वास येत होता त्याला.

वन्संना म्हटलं, "घ्या ना जरा याला." त्यांनी घेतलं नाही. हाताला कळ लागलीय म्हणाल्या.

लेकाचा फोन आज घ्यायला हवा होता. त्याला तरी किती दिवस टोचत ठेवायचं? आईचा जीव टांगणीला लागू नये म्हणून चुकला बिचारा. उद्या घेईन. काय बोलायचं तेही ठरवलंय — झालं गेलं, बाळा, विसर.

५ मार्च

लेकाचा फोन घेतला. म्हटलं, झालं गेलं. तर म्हणाला, "आई, आता तरी मला पुरतं बोलू दे."

तार सुटल्याचं आत्यानंच त्याला कळवलं होतं. सतरा तारखेला सकाळी, मी आंघोळीला गेले असताना, पलंगावरून फोन करून. "तुझ्या आईला मी सांगते, ती बसवेल. तोवर रेघा बघून घाबरेल, जुनाच आकडा राहू दे." दुसऱ्या दिवशी त्यानं आठवणीनं विचारलं. "हो, बसवली तिनं," म्हणाली.

ती समोरच्या खाटेवर बसून केस विंचरतेय. "काय म्हणतो माझा भाचा?" तिनं विचारलं. "बरा आहे," म्हटलं.

उद्या वृद्धाश्रमाच्या बाई उत्तर घ्यायला येणार. सकाळपर्यंत ते ठरलेलं होतं.